नाथाजीबाबांचा धुमा

या, अंमळ पुढं सरकून बसा. काल्याच्या लाह्या यायला अजून अवकाश आहे, तोवर एक गोड हकिगत सांगतो.

शहात्तर सालची. कोरेगावजवळच्या एका वाडीत सप्ताह बसला होता. लष्करात बिनतारी यंत्रं दुरुस्त करून परतलेला जालिंदर एरवी जीपवर कर्णा लावून बाजाराच्या जाहिराती करायचा. सप्ताहात तेच यंत्र देवाच्या सेवेला आणायचा. पण त्याच्या जिवाला एक सल होता. कर्ण्यातून कीर्तनकार बुवांचा शब्द शिवारापर्यंत जाई, टाळही जाई. पण साथीला बसणाऱ्या म्हाताऱ्या नाथाजीबाबांच्या पखवाजाचा धुमा, म्हणजे कणीक लावलेली डावी बाजू, तिचा घुमार मात्र मंडपातच विरे. मागं बसणाऱ्या भामाबाई म्हणायच्या, "म्हाताऱ्याचा हात गेला बाई." सप्ताहाचा कारभार बघणारे नानासो तर तासगावचा तरणा पखवाजी ठरवायला निघालेले.

म्हणून जालिंदरनं सांगलीहून खर्जाचा आवाज पेलणारा मोठ्या पडद्याचा स्पीकर आणून लाकडी खोक्यात बसवला. पहिल्या दिवशी त्याला जीपवरचा वीस वॅटचा अँप्लिफायर जोडला. घुमार पुरेना, तशी आवाजाची कळ शेवटापर्यंत पिळली. आवाज फाटला, जळका वास सुटला आणि खोक्यातल्या स्पीकरची तारेची गुंडाळी जळाली.

सांगलीचा कारागीर ती नवी भरताना म्हणाला, "यंत्र तोकडं पडलं गड्या. पन्नासाचं लाव. खोका आठ ओहमचा, तर तारही यंत्रावर आठ लिहिलंय तिथंच जोड."

सहाव्या दिवशी पन्नासाचं यंत्र बघून नानासो भडकले. "आरं येड्या, विसानं खोका जाळलास, पन्नासानं मंडप पेटवतोस का?"

नाथाजीबाबा कणीक मळत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "नानासो, बारक्या गळ्याला वरच्या पट्टीत वरडायला लावलं की फाटतोय. दांडगा गळा सावकाश बोलला तर फाटंल का?"

"आन फाटला तर?"

"तर ह्यो पखवाज खुंटीला. बसवा तासगावचा गडी माझ्या जागी."

जालिंदर हातातली तार टाकून पुढं आला. "आवं बाबा, माझ्या यंत्रावर तुमची जागा लावता व्हय?"

"मग कळ जपून फिरीव की रं!"

दुसऱ्या दिवशी सकाळी काल्याचं कीर्तन. जालिंदरनं कळ अर्ध्याच्याही खाली ठेवली आणि तिच्यावर हात ठेवून बसला. गजर चढला तशी पोरं ओरडू लागली, "वाढीव रं, आवाज वाढीव!" बोटं शिवशिवली. पण त्याला डोळ्यांपुढं खुंटीवरचा पखवाज दिसत होता. त्यानं दात आवळले, कळ हलवली नाही.

आणि धुमा बोलला. गोल, अखंड, कुठं चीर नाही. मागं भामाबाईंनी सतरंजीवर तळवा टेकला. "अगं बया, भुई बोलतीया! आन मी म्हाताऱ्याला नावं ठेवली."

नानासो उठून आले, वास घेतला, यंत्रावर हात ठेवून पाहिला. नुसतं कोमट. खाली वाकून जालिंदरच्या कानात म्हणाले, "त्या तासगावच्या गड्याला नगं म्हनून कळवतो."

पुढं अकरा सप्ताह ती जागा बाबांचीच होती. आता बाबा नाहीत. तर मंडळी, कीर्तनात धुमा छातीला भिडला की त्यांची आठवण काढा; आणि खोक्याशेजारच्या जालिंदरचीही, सगळे ओरडत असताना ज्यानं कळीवरचा हात हलवला नाही.