वेगाचं सेटिंग

झ्लातकाला दुसऱ्याच्या हातचं काही चालायचंच नाही. रूसे शहरात डॅन्यूबच्या पाण्यावर नजर ठेवणारा सरकारी संगणक तिच्या ताब्यात होता आणि त्याची सगळी सिस्टीम ती मूळ कोडपासून स्वतः बांधायची. तयार फाइल उतरवून घ्यायची? छे! आत कोणी काय घुसडलं असेल, देव जाणे!

आणि नेमका तिच्याच राज्यात घात झाला. नदीवरचं एक मापनयंत्र बिघडलं, त्यातून निरर्थक आकडा आला, सरासरीचं वाटोळं झालं आणि पुराचा भोंगा वाजलाच नाही. कोळ्यांच्या शेडमध्ये पाणी शिरलं, जाळी वाहून गेली. माणसं वाचली हेच नशीब.

असा आकडा आला तर तो वगळायचा, अशी ओळ भोंगा वाजवणाऱ्या प्रोग्राममध्ये होती. झ्लातकाने डोळे फाडून पाहिलं. ओळ जागच्या जागी, पण काम करत नव्हती! म्हणजे चालणारी फाइलच कोणीतरी बदलली. आणि प्रोग्रामला शेवटचा हात लागला होता शेजारच्या टेबलावरच्या क्रुमचा.

"मी फक्त नकाशाचे रंग बदलले गं," क्रुम म्हणाला.

"चोराच्या मनात चांदणं!"

"तू तर सख्ख्या आईने केलेली बानित्सासुद्धा उकलून बघशील, आत चीजच आहे ना म्हणून!"

कचेरीतले सगळे हसले. झ्लातकाच्या अंगाचा तिळपापड झाला. ती तडक कचेरीच्या प्रमुख बिस्त्रा मॅडमकडे गेली आणि दुपार व्हायच्या आत क्रुमला घरी बसवण्यात आलं. पुरावा मिळाला की त्याची नोकरी जाणार होती.

पुराव्यासाठी तिने तो प्रोग्राम मूळ कोडपासून पुन्हा बांधला आणि त्याला तोच निरर्थक आकडा दिला. भोंगा मुकाच! आता क्रुमचा हात कुठून लागणार? मग तिचा संशय कंपायलरवर, म्हणजे मूळ कोडची चालणारी फाइल बनवणाऱ्या प्रोग्रामवर गेला. घरच्या जुन्या लॅपटॉपवर तिने तोच प्रोग्राम साध्या सेटिंगने बांधला, तर तो ठणठणीत चालला. मग कचेरीतल्या यंत्रावर कंपायलरला दिलेली वेगाची सेटिंग्ज तिने एकेक करून काढली. एक काढल्याबरोबर भोंगा कोकलला.

हिशेब वेगाने होतात असं कुठेतरी वाचून ते सेटिंग तिनेच घातलं होतं. त्याचा अर्थ तिने आज पहिल्यांदा नीट वाचला: निरर्थक आकडा कधी येणारच नाही, असं धरून चाल. कंपायलर बिचारा आज्ञाधारक. येणारच नाही तर तपासायचं कशाला? त्याने ती ओळ बाहेर फेकून दिली होती.

झ्लातकाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण तिने मॅडमना सरळ सांगितलं आणि तशीच क्रुमच्या दारात जाऊन उभी राहिली.

"चूक माझी होती. उद्यापासून ये."

त्याने सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे यंत्राला तू सांगितलंस, शंका घेऊ नकोस, विश्वास ठेव."

"हो."

"आणि मी सहा वर्षं तुझ्या शेजारी बसतोय, झ्लातका."

क्रुमने दार लावलं नाही, पण आत ये असंही म्हटलं नाही.