शहाळ्याचं पाणी

"एक शहाळं दे गो, भरपूर पाण्याचं," म्हणत म्हातारा हातगाडीला टेकला. चंद्रावतीने वर पाहिलं. हैबतराव! पाय सुजलेले, गाल बसलेले, हाताला डायलिसिसची पट्टी. आवाज मात्र तोच.

पेणच्या त्या इस्पितळाबाहेर चंद्रावती सात वर्षं शहाळी विकत होती. तापातून उठलेल्याला, जुलाबाने गळून गेलेल्याला ती आपणहून सांगायची, "हे पाणी प्या, अंगात ताकद येईल." डायलिसिसच्या माणसाला मात्र ती शहाळं देत नसे. नर्स प्रतिक्षाने पहिल्याच वर्षी बजावलं होतं, "मावशी, यातलं पोटॅशियम आपल्याला चांगलं. पण यांची किडनी ते बाहेर टाकत नाही, रक्तातच साठतं. एखाद्याचं काळीज बंद पडेल."

अकरा वर्षांपूर्वी, रोह्याकडच्या तिच्या गावात, भातकापणीत नवऱ्याला नाग चावला. गावात जीप एकच, हैबतरावांची. चंद्रावतीने त्यांचे पाय धरले. "आत्ताच धुतलीय गाडी. उद्या पोरीचा साखरपुडा हाय," म्हणून त्यांनी दार लावून घेतलं. माणसांनी खाटेवर घालून हमरस्त्यावरच्या खांब गावापर्यंत नेलं. तिथे टेम्पो मिळाला तोवर सगळं संपलं होतं.

चंद्रावतीने ढिगातलं सगळ्यात जड शहाळं उचललं. कोयत्याचे तीन घाव घालून तोंड उघडलं, नळी टाकली. त्याने मागितलं, तिने दिलं. कोण काय बोलणार होतं?

"घोटभर पाणी पन मोजून देतात गो," हैबतराव ओठ चाटत म्हणाले. "जीव सुकलाय. आन लवकर."

तिने हात पुढे केला आणि मध्येच थांबवला. हा असाच मरेल, गोड तोंडाने. कुणाच्या हातून, कशापायी, ते न कळताच.

"वळखलंत मला?"

"नाय बा."

"जीप मागायला आलेली. पाय धरलेले तुमचे."

"लय लोक यायचे तेव्हा."

नवऱ्याचं नाव तिने उखाण्यात एकदा घेतलं होतं, तेवढंच. आज ते दात-ओठ खाऊन बाहेर आलं. "नाथा. नाथाची बायको मी."

हैबतरावांचा पुढे आलेला हात खाली पडला. चंद्रावतीने शहाळं उलटं केलं. सगळं पाणी त्यांच्या चपलांवरून गटारात गेलं.

"ह्ये प्यायलात तर मराल. म्हनून देत नाय. जगा तुमी. आठवड्यातनं तीनदा हितंच यायचंय ना? मी हायच."

बुधवारी हैबतराव दिसले नाहीत. ते आता मागच्या दाराने, जिना चढून, धापा टाकत येतात, असं प्रतिक्षाकडून कळलं. शुक्रवारी चंद्रावतीने हातगाडी मागच्या दाराशी लावली.

रिक्षा थांबली. हैबतराव उतरले, तिला पाहून तिथेच खिळले. परत फिरायची सोय नव्हती. दोन दिवसांत अंगात इतकं पाणी साठलं होतं की श्वास पुरत नव्हता.

"चुकलं माझं," ते म्हणाले.

"कुनाचं चुकलं ते म्हायतीय मला. कुनाशी चुकलं, ते बोला."

रिक्षावाला पाहत होता.

"नाथाशी."

"पुन्ना बोला."

भिंतीचा आधार घेत हैबतराव पुन्हा बोलले. चंद्रावतीने कोयता खाली ठेवला आणि डोक्यावरचा पदर सारखा केला.