झाकून ठेवलेला उकाडा

शिवणबाईंनी भर दुपारी अंगावर शाल ओढून घेतली आणि इंजिनिअरकडे पाहून त्या जराशा कुडकुडल्याही.

"आमच्या मजल्यावर गारठाच असतो," त्या म्हणाल्या. "बारा महिने."

त्यांच्या कपाळावरून निघालेला घामाचा थेंब नाकाच्या शेंड्यावर येऊन थांबला होता. तो आता पडतो की मग, हे इंजिनिअर आणि त्याच्यासोबत आलेली मालकीण, दोघंही श्वास रोखून पाहत होते. थेंब पडला. समोर शिवायला घेतलेल्या निळ्या गणवेशावर ठिपका उमटला आणि बाईंनी त्यावर सहज ठेवावं तसं कोपर ठेवलं.

"इस्त्र्या किती आहेत?" इंजिनिअरने विचारलं.

"एक. तीही तापत नाही धड."

भिंतीलगतच्या लांब टेबलावर जळल्याचे त्रिकोणी डाग ओळीने पडले होते. इंजिनिअरने डागांकडे पाहिलं, मग बाईंकडे पाहिलं आणि मोबाईलमध्ये एक इस्त्री टिपून घेतली. तो गोलमटोल, हसतमुख माणूस होता. माणसाने काय वाटेल ते सांगावं, आकडा खोटं बोलत नाही, अशी त्याची श्रद्धा होती. आणि आज सकाळपासून तो आकड्यांकडेच संशयाने पाहू लागला होता.

मालकीण खिडकीपाशी उभी होती. तिला मालकीण म्हणायचं ते कागदोपत्री. थंडीच्या सुरुवातीला वडील गेले आणि ही तीन मजली इमारत तिच्या नावावर झाली. पण जिन्यात कुणी 'मालकीणबाई' अशी हाक मारली, की ती अजूनही मागे वळून कोण आलंय ते पाहायची. वडिलांच्या हयातीत भाडेकरूंनी एसीसाठी त्यांना भंडावून सोडलं होतं. "खिडक्या काय शोभेला दिल्यात?" एवढंच ते म्हणायचे. पालथ्या घड्यावर पाणी. या उन्हाळ्यात मात्र दवाखान्यात दाढ काढून घेतलेला एक माणूस खुर्चीतून उठता उठता भोवळ येऊन पडला, आणि तिने स्वतःच सगळ्यांना जिन्यात गोळा करून सांगितलं, की एसी बसवू या. कुठला, कसा, ते इंजिनिअर सांगेल.

इंजिनिअरने त्याच दिवशी सांगितलं होतं. इमारतीत उष्णता किती तयार होते ते मोजायचं. माणसं, यंत्रं, खिडक्यांतून येणारं ऊन, सगळं. तो म्हणजे लोड. लोड कमी निघाला तर मजल्यामजल्यावर सुटे एसी लावून भागेल. जास्त निघाला तर सगळ्यांसाठी एकच मोठी यंत्रणा हवी. गच्चीचा स्लॅब जुना, तो तिचं वजन पेलणार नाही. तेव्हा ती इमारतीच्या मध्यावर, जिन्याला लागून बसवावी लागेल.

"म्हणजे इथे," तो म्हणाला होता, आणि पहिल्या मजल्यावरच्या बंद दारावर त्याने बोटाने टकटक केलं होतं.

ती वडिलांची खोली. तिथे ते दार उघडं टाकून बसायचे. वर जाणाऱ्याला हटकायचे, खाली येणाऱ्याला थांबवायचे आणि दोघांची भांडणं मिटवायचे. ते गेल्यापासून ती दोनदाच आत गेली होती, दोन्ही वेळा चटकन आत शिरून दार लावून घेतलं होतं. टेबलावर उघडून ठेवलेली दारावरची घंटा, बशीत तिचे स्क्रू. आणि कोंडलेल्या हवेत अजून थोडासा तो वास, दाढीच्या साबणाचा आणि मशीनच्या तेलाचा. दार उघडलं की त्यातला थोडा बाहेर जातो, असं तिच्या मनाने घेतलं होतं. हे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. त्या दिवशी जिन्यात ती "बघू" म्हणाली, हातातली किल्ली मुठीत मिटली आणि खाली उतरून गेली.

आणि आज हे असं चाललं होतं.

तळमजल्यावर दातांच्या डॉक्टरांनी सगळी यंत्रं बंद करून ठेवली होती आणि ते अंधारात एका पेशंटचं तोंड टॉर्चने पाहत होते.

"डॉक्टर, उकडत नाही?"

"दात दुखत असला की माणसाला उकाडा कळत नाही," डॉक्टर म्हणाले. "आणि माझ्याकडे येतो त्याचा दुखतच असतो."

"अहो, तुम्हाला विचारतोय."

"मला सवय आहे." पेशंटला काहीतरी म्हणायचं होतं, पण त्याच्या तोंडात कापूस होता.

पहिल्या मजल्यावर अकाउंट्सच्या क्लासचे सर मोकळ्या वर्गात एकटेच फळा पुसत होते. विद्यार्थी राहिलेत कुठे आता, सगळे घरी मोबाईलवर शिकतात, सात-आठ येतात कसेबसे, असं त्यांनी सांगितलं. बाकाबाकांवर दप्तरं आणि पाण्याच्या बाटल्या होत्या. कोपऱ्यात चपलांचा ढीग होता.

"ही दप्तरं?"

"विसरभोळी आहेत हो पोरं," सर म्हणाले. "म्हणून तर नापास होतात."

"आणि अनवाणी घरी जातात?"

सर पुन्हा फळा पुसू लागले. फळ्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं.

आता शिवणबाईंच्या टेबलाशी बसून इंजिनिअरने सगळी बेरीज केली, पुन्हा केली, आणि मोबाईल मालकिणीपुढे धरला.

"मॅडम, या हिशेबाने तुमच्या इमारतीला एसी लागतच नाही. थंडीत हीटर लावावे लागतील."

शिवणबाईंचा चेहरा खुलला. "मी म्हटलंच होतं! सुटे लावा, छोटे छोटे. पुष्कळ झाले."

मालकिणीला ते हसू झोंबलं. वर्षानुवर्षं एसी, एसी करणारी ही माणसं आता एकदम हात आखडता घेत होती. कोपऱ्यापलीकडे काचेची नवी इमारत उभी राहिली होती, आतून गारेगार. जायचं ठरलं असेल यांचं. ज्या घरात राहायचंच नाही त्याला रंग कशाला द्या, त्यातलाच प्रकार. वडील असते तर दारात बसून त्यांनी एकेकाला बोलतं केलं असतं. तिला ते जमत नव्हतं. तिला नुसतं रडू येईल की काय असं वाटत होतं, आणि तेही या उकाड्यात.

"मी जरा वर जाऊन येते," ती म्हणाली.

"वर? गच्चीवर?" शिवणबाई शालीसकट उठल्या. "नको हो ताई! ऊन किती आहे!"

"तुमच्याकडे गारठा आहे ना. जरा ऊन खाऊन येते."

बाई आडव्या येण्याआधीच ती जिना चढली आणि तिने गच्चीचं दार ढकललं.

पाण्याच्या टाकीच्या सावलीत अनवाणी पोरापोरींचा अख्खा वर्ग दाटीवाटीने बसला होता. सगळे माना खाली घालून गणितं सोडवत होते. कुणी बोलत नव्हतं. टाकीच्या दुसऱ्या बाजूला शिवणकामाच्या बायका होत्या, आणि त्यांच्यापुढे ओल्या पोत्यावर सहा इस्त्र्या ओळीने निवत ठेवल्या होत्या. त्यांच्या राखणीला बसलेल्या बाईने तिला आपादमस्तक पाहिलं आणि सरकून जागा केली.

"या, या. तुम्हालाही वर धाडलं का? कुठला मजला तुमचा?"

"मधला," ती म्हणाली.

"बसा. पाणी प्या. तो मोजणारा गेला की खालून हाक येईल."

ती बसली. फरशी पोळत होती. "पण वर कशाला धाडलंय?"

"तुम्हाला नाही सांगितलं? अहो, त्याला माणसं कमी दिसली पाहिजेत. जास्त दिसली तर ते मोठं धूड बसवणार, आणि जुन्या मालकांची खोली जाणार. मी काही त्यांना पाहिलेलं नाही, मी आत्ता लागले कामाला. पण त्यांची लेक आहे ना, तिचा जीव आहे त्या खोलीत. बोलत नाही ती. पण त्या दिवशी जिन्यात किल्ली अशी धरली होती म्हणे, की बोटं पांढरी पडली." बाईने स्वतःची मूठ आवळून दाखवली. "आमच्या बाई, सर, डॉक्टर, तिघांनी बसून ठरवलं. तिला 'देणार नाही' म्हणायची वेळ आणायची नाही. आपल्यालाच उकडत नाही म्हणू या, मिटलं."

"आणि खरंच उकडत नाही?"

"उकडत नाही?" बाई तोंडावर पदर धरून हसली. "आमच्या मजल्यावर इस्त्री लावायची गरज नाही. कापड नुसतं टेबलावर पसरलं की कडक होतं!"

बायका खुदखुदल्या. टाकीआडून कुणीतरी "शूऽ" केलं.

ओढणीच्या टोकाने तिने चेहरा पुसला. घाम पुसायला लागतो त्याहून बराच वेळ ती पुसत राहिली. इस्त्रीवाल्या बाईने पाण्याची बाटली पुढे केली आणि ऊन लागलं की असं होतं, म्हणाली.

मग ती उठली. "चला. सगळे खाली चला. इस्त्र्या घ्या."

"पण तो मोजणारा..."

"त्याला मोजू द्या."

"अहो, पण तुम्ही कोण सांगणाऱ्या?"

"ती किल्लीवाली," ती म्हणाली.

बाईने जीभ चावली, ती बराच वेळ सोडली नाही.

इंजिनिअर दुसऱ्या मजल्याच्या दारात उभा होता. त्याच्यासमोरून आधी सहा इस्त्र्या गेल्या, मग त्या धरणाऱ्या आणि न धरणाऱ्या बायका, मग वह्या छातीशी धरलेला, एका पायावर उड्या मारत पोळलेले तळवे सांभाळणारा तो वर्ग. रांग संपेचना.

"हे काय आहे?" त्याने विचारलं.

"हा लोड," ती म्हणाली.

इंजिनिअरच्या चेहऱ्यावर हळूहळू समाधान पसरलं. आकड्यांवरचा त्याचा विश्वास परत आला होता. तो मोजायला लागला.

ती पहिल्या मजल्यावर उतरली, तिने कुलूप काढलं आणि दार भिंतीला टेकेपर्यंत मागे लोटलं. आत जाऊन दोन्ही खिडक्या उघडल्या. एक अडकली होती, तिला खांदा लावावा लागला. रस्त्यावरची गरम हवा आत शिरली, बशीजवळची धूळ उडाली आणि सगळी खोली एकदम बाहेरच्यासारखी झाली. ती क्षणभर पाठमोरी तशीच उभी राहिली.

मागे वळली तेव्हा दारात शिवणबाई, सर आणि डॉक्टर होते. डॉक्टरांच्या हातात टॉर्च अजून चालूच होता.

"ताई, घाई नको," शिवणबाई म्हणाल्या. "आम्हाला खरंच काही..."

"बाई, आधी ती शाल काढा."

बाईंनी शाल काढली. सरांनी उंबऱ्याबाहेर चपला काढल्या, नेहमी काढायचे तशा.

तेवढ्यात इंजिनिअर खाली आला. "आता कसं! मोठी यंत्रणाच लागणार, मॅडम. चांगली मोठी." त्याने उत्साहाने सगळं समजावून सांगितलं. शेवटी म्हणाला, "फक्त एक. ही एकच यंत्रणा आहे आणि साधी आहे, तेव्हा सगळ्या मजल्यांना तापमान एकच मिळेल. किती ठेवायचं?"

"बावीस," डॉक्टर म्हणाले.

"बावीस?" शिवणबाई उसळल्या. "माझ्या बायकांची बोटं आखडतील मशीनवर! सव्वीस."

"सव्वीस म्हणजे आत्ता आहे तेच की! आणि मघापर्यंत तर तुम्हाला गारठा होता."

"तो तुमच्याच डोक्यातून निघालेला गारठा, डॉक्टर!"

"गार झालं की पोरं झोपतात," सर म्हणाले. "आणि गरम झालं तरी झोपतात. मला काहीही चालेल, पण बावीस नको."

"म्हणजे काहीही चालत नाही!"

"अहो, दात कोरायला काय कष्ट पडतात? आमच्याकडे सहा इस्त्र्या..."

"एक ना? आणि तीही तापत नाही!"

आवाज चढले. इंजिनिअर एकाकडून दुसऱ्याकडे पाहत राहिला. आणि मग बोलता बोलता, ठरवल्यासारखे, तिघंही एकाच वेळी खोलीच्या आत वळले. इतकी वर्षं भांडण हातघाईवर आलं की वळायचे तसे. टेबलामागे कुणी नव्हतं. टेबलापुढे ती उभी होती.

"काका असते तर..." सरांच्या तोंडून निघून गेलं. शिवणबाईंनी त्यांना कोपराने ढोसलं. ते गेल्यापासून तिच्यासमोर त्यांचा विषय कुणी काढला नव्हता.

"बाबा असते तर खिडक्या काय शोभेला दिल्यात, म्हणाले असते," ती म्हणाली.

आधी डॉक्टर हसले, मग सगळेच. बाई हसता हसता डोळे पुसायला लागल्या आणि शाल त्यासाठी उपयोगी पडली.

"चोवीस," ती म्हणाली.

हसू थांबलं.

"चोवीस? म्हणजे ना धड इकडे, ना धड तिकडे," डॉक्टर म्हणाले.

"एक तरी वाढवा हो," शिवणबाई म्हणाल्या.

"चोवीस."

इंजिनिअरने आकडा टिपून घेतला. तो कुणालाच पसंत नव्हता. डॉक्टर पुटपुटत जिना उतरले, सरांनी चपला उलट्या पायांत घातल्या, आणि शिवणबाई वर जाता जाता कठड्यावरून वाकून चांगल्या तणतणल्या.

"बापाच्या वरताण आहात हं ताई! काडीचं ऐकायचं नाही कुणाचं!"

इंजिनिअरने खोली मोजायच्या टेपचं एक टोक तिच्या हातात दिलं होतं. दुसरं घेऊन तो समोरच्या भिंतीकडे सरकत गेला, तशी तिने आपल्याकडचं टोक भिंतीला दाबून धरलं.