चंद्राशिवायचं पत्र

आमच्या गल्लीतली श्यूनियांग रेशमाचे किडे पाळायची. तिचा नवरा पेई रुन सहा वर्षांपासून पश्चिमेच्या सरहद्दीवर, धान्याच्या कोठारात कारकून होता. वर्षातून एक पत्र यायचं. तिला अक्षरओळख नव्हती. पाठशाळेतले मो गुरुजी ते वाचून दाखवायचे आणि उत्तरही तेच लिहून द्यायचे.

पत्रात दरवर्षी चंद्र.

"'अमृताची गोळी गिळून चंद्रावर गेलेली ती स्त्री थंड महालात एकटी आहे, सोबतीला औषध कुटणारा ससा तेवढा,'" गुरुजी डोळे पुसत वाचायचे. "'तशीच तू, खिडकीत—'"

"मी कुठली खिडकीत? मी तुतीची पानं चिरत असते. मुलीच्या सोयरिकीचं विचारलं होतं, त्याचं काय लिहिलंय?"

"पुढे चंद्रावरच्या दालचिनीच्या झाडाचं फार सुंदर आहे."

"झाड घाला चुलीत! आणि ती बाई नवऱ्याला टाकून गेली होती. इथं गेलंय कोण?"

त्या कवितांचा गावभर बोलबाला झाला. एकदा न्यायाधीशांच्या बायकोनं 'त्या विरहिणीला' मुद्दाम बघायला बोलावलं. समोर रुंद खांद्यांची, हिरव्या डागाळल्या हातांची बाई पाहून तिचा इतका हिरमोड झाला, की तिनं चहासुद्धा विचारला नाही.

सातव्या वर्षी शरदात, भर दुपारी, सरहद्दीहून आलेला काओ नावाचा उंटवाला दारात उभा राहिला. मी तेव्हा तिच्याकडेच बसले होते.

"वहिनी, पेईभाऊंचा तोंडी निरोप आहे. रागावू नका हं. म्हणाले, एकदा तरी माणसासारखं लिही. पोरीला देवी आल्यात असं कुणीतरी येऊन सांगितलं होतं. ती जगली की गेली, तेवढंही तू कळवलं नाहीस. दरवर्षी नुसता चंद्र! तुम्हाला तेच आवडतं असं समजून तेही बिचारे जागून यमकं जुळवतात."

 श्यूनियांग ओल्या हातांनीच उठली आणि तरातरा पाठशाळेत गेली. मी मागोमाग.

"गुरुजी, चार वर्षांपूर्वी मी सांगितलं होतं, पोरगी वाचली, पण एक डोळा अधू झाला. तुम्ही काय लिहिलंत?"

गुरुजींनी कुंचला खाली ठेवला. "'पूर्ण चंद्रावर ढग आला आणि सरला, डाग तेवढा उरला.' कळण्यासारखं होतं."

"कुणाला? सशाला?"

"अगं, तुझं बोलणं फार उघडंबोडकं..."  मग ते हळूच म्हणाले, "माझी बायको गेल्यापासून मला लिहायला कुणी नाही. तुझ्या पत्रातून माझंही थोडं जायचं. तिकडून त्याचं उत्तर यायचं."

श्यूनियांगनं कपाळाला हात लावला. एवढी चिडलेली, पण तिला पुढे ओरडता येईना.

"तुमचं वेगळ्या कागदावर लिहा. माझ्या पत्राबरोबर पाठवीन, हे वाचतील. पण माझ्या कागदावर माझंच. आणि ते चंद्राचं अक्षर कसं दिसतं, दाखवा आधी. दिसलं की कागद फाडीन."

"तारखेत महिना लिहावा लागतो. आपल्या लिपीत चंद्राला आणि महिन्याला एकच अक्षर आहे."

"अरे देवा! बरं, तिथं एकदाच."

त्या दिवशी पहिल्यांदा तिचं पत्र तिच्या शब्दांत गेलं.

उत्तर पुढच्या उन्हाळ्यात आलं. गुरुजींनी पडलेल्या चेहऱ्यानं वाचलं. 'पोरगी जगली हे वाचून कोठारातच रडलो. सोयरीक करून टाक. मला आणखी तीन वर्षं सोडणार नाहीत. गुडघा दुखतो. तुझ्यावाचून करमत नाही. गुरुजींना वेगळं लिहिलं आहे.'

"एवढंच?" मी विचारलं.

"एवढंच," गुरुजी म्हणाले आणि आपला कागद घेऊन कोपऱ्यात गेले.

सहा-सात वर्षांत पत्र ऐकून श्यूनियांग पहिल्यांदाच रडली. रडतानाही वैतागलेलीच.

"गुडघा कुठला, डावा की उजवा? लेप लावतात की नाही? हे कोण लिहिणार, मेला!"