उरलेलं तेल

जमुनाबाईच्या हाताखालून अर्धं कुडवा गाव गेलं होतं. बाळंतिणी म्हणू नका, कंबर धरलेल्या म्हाताऱ्या म्हणू नका, तान्ही लेकरं म्हणू नका. कुणाचं अंग दुखलं की सांगावा यायचा आणि जमुनाबाई पदर खोचून निघायची. आजवर तिनं कुणाला नाही म्हटलं नव्हतं, आणि याचाच तिला मोठा तोरा होता. "तेलाले विटाळ नाही," असं ती ठणकावून सांगायची. तेल घरवाल्यांचं, मेहनत तिची, आणि मालिश झाल्यावर वाटीत उरेल ते तेलही तिचं. तो तिचा मान होता. खात्यापित्या घरचं तेल लावलं की लेकरू बाळसं धरतं, असं तिची सासू सांगायची. अशा तेलावर तिनं आपला गजेंद्र वाढवला, आणि आता गजेंद्रचा टिंकू, अजून मानही न धरणारा, रोज संध्याकाळी तिच्या पसरलेल्या पायांवर पडून तेच तेल अंगात जिरवत होता.

सून राखी बाळंतपणाआधी गोंदियाच्या एका पार्लरात कामाला होती. तिथं शिकलेलं ती सासूला ऐकवायची.

"आई, कोणाच्या आंगावर चट्टे दिसले, पू दिसला, गजकर्ण दिसलं, त हात लावत नका जाऊ. आमच्या मॅडम अशा गिऱ्हाइकाले वापस पाठवत. बरं झाल्यावर या म्हणत."

"तुमच्या मॅडमले गिऱ्हाईक लय असंल," जमुनाबाई म्हणायची. "मले नाही म्हणता येत नाही बाप्पा."

राईस मिलवाल्या सुशीलाबाईंचं घर म्हणजे जमुनाबाईचं सगळ्यात मोठं घर. त्यांच्या टीनाला तान्हेपणी हिनंच चोळलेलं. आता त्याच टीनाचं लग्न ठरलं, घरात धावपळ सुरू झाली आणि सुशीलाबाईंची कंबर धरली. जमुनाबाईला बोलावणं गेलं. सुशीलाबाई पलंगावर पालथ्या पडल्या, जमुनाबाईनं त्यांचा परकर जरा खाली सरकवला, आणि तिचा हात तिथंच थांबला. कमरेभोवती लाल कडांची वर्तुळं उठली होती, एकात एक गुंतलेली, खाजवून खाजवून सोललेली.

"काय पाहून राहिली?" सुशीलाबाई उशीतूनच म्हणाल्या. "गर्मीचं आहे ते. और सुन, बाहेर कुठं बोलू नको. टीनाचं लग्न तोंडावर आहे. लोक काय वाट्टेल ते जोडतात."

गजकर्ण जमुनाबाईनं ओळखलं नाही असं नाही. चांगलं ओळखलं. राखीचं बोलणंही आठवलं. पण नाही म्हणायचं कसं? आज नाही म्हटलं तर उद्या या पलंगापाशी गावातली दुसरी मालिशवाली मंदाबाई उभी राहील, हे तिला दिसत होतं. अन् एवढ्या मोठ्या बाईला तोंडावर सांगायचं तरी काय, की तुमचं अंग खराब आहे? जीभ रेटेना. तिनं वाटीत बोटं बुडवली आणि कामाला लागली. खाज शमली तशा सुशीलाबाई सुखावल्या. "तुझ्या हाताला जादू आहे," म्हणाल्या. तेल बदामाचं होतं, आणि अर्धी वाटी उरलं. जमुनाबाईनं ते आपल्या डबीत ओतलं आणि पदराखाली धरून घरी आणलं. जीव हरखून गेला होता तिचा. टिंकूला बदामाचं तेल कोण आणून देणार होतं?

राखीनं डबीचा वास घेतला. "कोणाचं होय हे?"

"सुशीलाबाईचं. बदामाचं आहे."

"आंग साफ आहे ना त्याईचं?"

"मोठ्या लोकाईचं आंग साफच राहते वो," जमुनाबाई म्हणाली आणि टिंकूला पायांवर घेतलं.

पुढं व्हायचं ते झालं. टिंकूच्या मांडीवर एक लाल कडं उठलं. गजेंद्रनं मेडिकलमधून कुठलीशी ट्यूब आणली, त्यानं दोन दिवस बरं वाटलं आणि मग ते पोटापर्यंत पसरलं. लेकरू रडून रडून निळं व्हायचं. शेवटी डॉक्टरकडे नेलं. त्यांनी आधी टिंकूला पाहिलं, मग जमुनाबाईच्या बांगड्या वर सारून तिचं मनगट पाहिलं. तिथंही तसंच कडं होतं. "मालिश पूर्ण बंद," ते म्हणाले. "बरं होईपर्यंत कोणालाच हात लावू नका. आणि ज्यांच्याकडून आलं त्यांनाही औषध घ्यायला सांगा."

राखीनं टिंकूला सासूपासून लांब, आपल्या कुशीत ओढलं. शिव्या दिल्या असत्या तरी बरं झालं असतं.

सांगायला म्हणून जमुनाबाई मिलवाल्यांच्या घरी गेली. ओसरीत बायका जमल्या होत्या, हळदीची तयारी चालली होती. "बाई, जरा आत चला ना. एक बोलायचं होतं," ती हळूच म्हणाली.

सुशीलाबाईंनी तिचं तोंड पाहिलं, मनगट पाहिलं, आणि काय ते ओळखलं. बाई मोठी हुशार!

"अरे बापरे!" त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा ओरडल्या. "हे काय हाताला? दाद? गजकर्ण? अन् याच हातानं तू मले रगडलं? तरीच माझी कंबर खाजून राहिली!"

बायका मागं सरल्या. एकीनं आपलं लेकरू उचलून घेतलं. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या अशा! जमुनाबाईच्या ओठांवर आलं होतं सगळं. पण दारात टीना उभी होती, लग्नाच्या बांगड्या भरलेली, आणि बोलू नको हा तिच्या आईचा शब्द मध्ये आडवा आला. अन् बोलली असती तरी खरं कुणाला वाटलं असतं? मिलवालीची कंबर कुणी पाहिली नव्हती. जमुनाबाईचं मनगट सगळ्यांनी पाहिलं होतं.

त्यानंतर तिला सांगावे येणं बंद झालं. सगळी घरं मंदाबाईला मिळाली.

औषधानं टिंकू बरा झाला. जमुनाबाईचं मनगटही साफ झालं, डॉक्टरांनी तसं सांगितलंसुद्धा. त्या संध्याकाळी तिनं हौसेनं तेल कोमट केलं, वाटी जवळ ठेवली आणि पाय पसरून बसली.

"द्या इकडं," राखी म्हणाली. वाटी उचलून ती पलीकडे बसली आणि टिंकूला आपल्या पायांवर घेतलं. तिला जमत नव्हतं. पोटरी उलटी चोळत होती, पोर कळवळून रडत होतं. खालून वर घे, इतकंच सांगायचं होतं जमुनाबाईला, पण तिनं हात पदराखाली घेतले.

मालिश झाल्यावर राखीनं वाटी जमिनीवरून तिच्याकडे सरकवली.

"उरलेलं तेल नालीत टाकून द्या, आई. अन् हात साबणानं धुऊन घ्या."

जमुनाबाईनं तर आज तेलात बोटही बुडवलं नव्हतं. तिनं तेल नालीत ओतलं, साबण घेतला आणि हात धुतले.