डबल अर्जंट

लालबागच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहणारे अप्पा जिन्याचा कठडा तुटल्यापासून खाली उतरले नव्हते. कठड्याचे खांब रोवायच्या लोखंडी बैठका नव्याने करून घ्यायच्या होत्या, म्हणून त्यांचा मुलगा अभय लोअर परळला यशोधनच्या लेथकामाच्या गाळ्यात गेला. तसं काम किती? लेथवर चहा गार होईस्तोवर. पण येत्या रविवारी गिरगावात नलूआत्याची पंच्याहत्तरी होती आणि बहिणीला भेटण्यासाठी अप्पांचा जीव नुसता टांगणीला लागला होता. म्हणून अभय म्हणाला, "शेठ, जरा अर्जंट आहे."

यशोधनने तत्काळ जॉबला, म्हणजे बैठकांच्या लोखंडाला, लाल चिंधी बांधली. अभय खूश झाला. मग त्याची नजर मांडणीकडे गेली. तिथे झाडून सगळ्या जॉबना लाल चिंध्या होत्या. बिनचिंधीचा एकच तुकडा होता, तो दार वाऱ्याने लागू नये म्हणून ठेवलेला.

गाळ्याचा रिवाज सोपा होता. लेथसमोरच्या खुर्चीत बसून जो ओरडेल त्याचा जॉब चढवायचा. आधीचा तसाच काढायचा, मशीन नव्याने जुळवायचं, आणि ते जुळेपर्यंत दुसरं कोणीतरी ओरडायचं. कारागीर रघुवीर दिवसभर घामाघूम व्हायचा, पण लोखंडाचा कीस म्हणून पडायचा नाही.

"आपण कस्टमरला कधी नाय म्हणत नाय," यशोधन छाती फुगवून सांगायचा.

अभयने ऑफिसात रजा टाकली आणि तोही गाळ्यात ठाण मांडून बसला. बाकीची गिऱ्हाइकं तिथे डबे घेऊन यायची. पंपवाल्याच्या मुलीची आणि पंखेवाल्याच्या मुलाची सोयरीकही तिथेच जमली. साखरपुड्याला यशोधन सहकुटुंब जाऊन आला. जॉब दोघांचेही मांडणीवरच होते.

शनिवारी एकदाची अभयला खुर्ची मिळाली. घसा बसेपर्यंत तो ओरडला. बैठक लेथवर चढली, मशीन जुळलं, रघुवीरचा हात बटणाकडे गेला. एवढ्यात दारातून आवाज आला.

"माझं काम झालं की नाही? किती दिवस लावता रे?"

दारात अप्पा उभे होते. धापा टाकत, शेजारच्या वैशालीचा हात धरून.

"रघू, काढ तो जॉब!" यशोधन ओरडला. "बाबा स्वतः आलेत!"

"अहो, तो त्यांचाच जॉब आहे!" अभय किंचाळला.

"तुम्ही पण ओरडताय? मग डबल अर्जंट," म्हणत यशोधनने दुसरी चिंधी काढली. रघुवीर निमूटपणे बैठक सोडवू लागला.

अभयला रडू फुटायचंच बाकी होतं. "अप्पा, तुम्ही उतरलात कसे?"

"एका बाजूला भिंत, एका बाजूला ही. त्यात काय एवढं?" अप्पा म्हणाले. "तुझाच हात धरला असता रे. पण तू घरी असतोस कुठे? सकाळी जातोस तो रात्री येतोस. तुला रोज सांगायचं म्हणत होतो."

अभयला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने वैशालीच्या हातून अप्पांचा हात आपल्या हातात घेतला.

"आत्याकडे आजच जाऊया," तो बसलेल्या घशाने म्हणाला. "परत आलो की मी वर चढवतो तुम्हाला."

बापलेक टॅक्सीसाठी रस्त्यावर आले. आत खुर्ची रिकामी दिसताच पंखेवाला तिच्यात जाऊन बसला आणि ओरडू लागला.