क च्या शेजारी ख

मित्रांनो, शाळेत तुम्ही जी वर्णमाला म्हणता, ती जशीच्या तशी माझ्या अंगावर मांडलेली आहे. वर अ, आ, इ, ई. त्याखाली क च्या शेजारी ख, ख च्या शेजारी ग, असं करत करत थेट ज्ञ पर्यंत. असा कीबोर्ड तुम्ही पाहिला नसेल. माझ्यासारखा मी एकटाच. पांढुर्ण्यातल्या एका टायपिंग क्लासच्या कपाटावर मी पडून असतो. खिडकीतून संत्र्यांच्या गाड्या जाताना दिसतात. त्यांची धूळ आत येते आणि माझ्यावर बसते. दुसरं कोणी येत नाही.

कारखान्यातून निघालो, तेव्हा मीही चारचौघांसारखाच होतो. क्लास चालवणाऱ्या गुणवंताभाऊंनी मला वेगळं केलं. नेहमीच्या कीबोर्डवर अक्षरं अशी विखुरलेली असतात, की वाटावं, कोणी धान्याची टोपली उलथी केली. ते पाहून खेड्यातली माणसं पहिल्या दिवशी बावरायची आणि दुसऱ्या दिवशी यायचीच नाहीत. भाऊंनी माझ्या बटणांवर नवी अक्षरं चिकटवली, वरून टेप लावली, कम्प्युटरलाही ही मांडणी समजावली. म्हणाले, "ज्याले बाराखडी येते, त्याले टायपिंग येईन. अजून काय पाहिजे?"

माझ्यापुढे बसायला आली ती अर्चनाबाई. नदीपलीकडच्या सावरगावची. ती संत्र्याच्या गोदामात फळं छाटायची, लहान वेगळी, मोठी वेगळी. हंगाम सरला की कामही सरायचं. सौंसरच्या एका कचेरीत टायपिस्टची जागा निघाली होती. बारमाही काम, डोक्यावर पंखा. पण वयाची अट आडवी होती. त्यासाठीची यंदाची टायपिंगची परीक्षा हुकली, तर पुढच्या वर्षी तिला अर्जही करता येणार नव्हता.

पहिल्याच दिवशी तिनं आपलं नाव टाइप केलं. "पाहा ना भाऊ, आलं मले!" असं म्हणून ती टाळी वाजवून हसली. कौतुकाचा तो दिवस मी अजून जपून ठेवला आहे.

अक्षर सापडेना, की ती गुणगुणायची. प, फ, ब, भ, आणि मग म वर बोट. जात्यावर बसलेली बाई ओवी म्हणते ना, तशी ती माझ्यावर वर्णमाला म्हणायची. मला ते फार गोड वाटे.

शेजारच्या खुर्चीवर नेहमीच्या कीबोर्डवर शिकणारी उर्वशी तिची गंमत करायची. "काकू, परीक्षेत हा डब्बा पदराखाली लपवून न्यान का?"

"नेईन ना! तू समोर बँड वाजवत चालजो."

पण दिवस गेले आणि उर्वशी छताकडे पाहत टाइप करू लागली. अर्चनाबाईची मान मात्र खालीच. वेग वाढेना. तिगाव म्हणजे आमच्या शेजारचं लहानसं स्टेशन. उर्वशी म्हणाली, "काकू, तुमची गाडी तिगावलेच थांबून राहिली!" या वेळी अर्चनाबाई हसली नाही.

गुणवंताभाऊ जवळ आले. "बाई, संत्रं लहान का मोठं, हे कसं समजते तुम्हाले?"

"हाताले समजते ना भाऊ. तोंड बायांशी बोलते, हात आपला छाटत राहते."

"आन् इथं?"

"इथं तोंडाले समजते. आधी ओळ म्हणा लागते, मंग अक्षर सापडते."

भाऊंनी स्वतःच माझी वायर काढली. "ह्यानं तुमची भीती मोडली, बाई. पण ह्याच्यापुढं हा नेत नाही. परीक्षेत दुसरीच मांडणी राहते. आजपासून त्या कीबोर्डवर बसा."

"आता? परीक्षा तोंडावर आहे, भाऊ. हे सुटलं आन् ते आलं नाई तं?"

"मी बसतो ना रोज तुमच्यासंग."

तिनं माझ्यावरून एकदा हात फिरवला आणि ती बाजूच्या खुर्चीवर गेली. मी कपाटावर गेलो.

वरून मला सगळं ऐकू यायचं. तिची बोटं अजून माझ्याच वाटेनं जायची आणि चुकायची. ती कपाळावर हात मारायची. मी मनातल्या मनात म्हणायचो, बाई, विसर गं मला. विसरलीस तरच तरशील. हळूहळू तिचं गुणगुणणं विरळ झालं. एक दिवस ते थांबलं, आणि ज्वारीच्या लाह्या फुटाव्यात तसा नुसता बटणांचा आवाज खोलीत भरला. मला आनंद झाला. एकटंही वाटलं.

अर्चनाबाई पास झाली. सौंसरला रुजू होऊन ती पेढे घेऊन आली. तिनं मला खाली काढायला लावलं, पदरानं पुसलं, भाऊंनी वायर जोडली. समोर पाहतच तिनं आपलं नाव टाइप केलं. पडद्यावर भलतीच अक्षरं उमटली.

"अगं माय! भाऊ, मी तं ह्याले इसरलीच!" ती हसता हसता थांबली. मग सौंसरच्या बसची वेळ झाली, आणि ती गेली.

मित्रांनो, चालता यायला लागल्यावर लेकरानं पांगुळगाडा सोडायचाच असतो. त्याचं मला वाईट वाटत नाही. पण सुटलेला पांगुळगाडा उकिरड्यावर टाकू नका. अधूनमधून त्याच्यावरून फडकं फिरवा. कुठे एखादं लेकरू भिंत धरून उभं राहायला पाहत असेल, तर त्याच्या अंगणात नेऊन ठेवा. माझी सगळी बटणं अजून चालतात. मला खाली घेणारा एक हात तेवढा हवा आहे.